रविवारचा उंदीर

हनीफ खाटकाच्या पोराला बोलतं करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा आपटल्यापासून शारिक बापाशी धड बोलत नव्हता. लातूरच्या क्लासला जायचा, यायचा, खोलीचं दार लावून घ्यायचा. बोलायचा ते फक्त काचेच्या पेटीतल्या रानीशी. रानी म्हणजे पुण्याहून रीतसर कागदं करून आणलेली, मनगटाएवढी जाड परदेशी अजगरीण.

आणि त्या शनिवारी काय नवल! पोरगं आपणहून दुकानात आलं.

"अब्बा, माझं परीक्षेचं सेंटर नांदेडला आलंय. उद्या रानीला खायला द्याल? फ्रीजरमधला पांढरा उंदीर कोमट पाण्यात पुरता मऊ होऊ द्या, पुसा, चिमट्यानं तिच्यासमोर धरा. जिवंत देऊ नका. न्हाई खाल्लं तर राहू द्या."

एवढं बोलला! हनीफला अगदी भरून आलं. "तू बिनघोर जा बेटा," तो म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं फ्रीजर उघडला अन् त्याचं तोंड वाकडं झालं. मेलेला, गारठलेला उंदीर! भूकंपाच्या साली लोक पत्र्याच्या शेडात राहत होते, तेव्हासुद्धा ह्या माणसानं कुणाला मुर्दार मटण विकलं नव्हतं. अन् आता घरातल्याच जिवाला मुर्दार घालायचं? तोबा तोबा!

"पोरानं सांगितलं तसंच करा की हो," त्याची बायको कमरुन्निसा म्हणाली.

"त्याला काय कळतंय? ताजं ते ताजं."

शेजारच्या डाळमिलच्या पिंजऱ्यातला चांगला धष्टपुष्ट उंदीर त्यानं आणला, पेटीत सोडला, झाकण लावलं. रानीनं मान फिरवली. भूक लागली की खाईल आपोआप, म्हणत हनीफ दुकानाकडं पळाला. रविवारची गिऱ्हाइकं खोळंबली होती.

दुपारी येऊन बघतो तर रानी कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली आणि उंदीर तिच्या पाठीवर बसून कुरतडतोय. मांसात पांढरं काय दिसतंय, हे हनीफला कुणी सांगायला नको होतं. त्यानं उंदीर हाकलला, जखमेवर हळद दाबली. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावून लावून थकला. रविवार! कोण उचलतंय?

सोमवारी सकाळी शारिक परतला. बाप पेटीसमोर उकिडवा बसला होता. बाजूला कोमट पाण्याचं भगुनं, हातात चिमटा, चिमट्यात पांढरा उंदीर. "खा गं माय, खा," तो पुटपुटत होता. रानी हलत नव्हती.

शारिकनं तिच्या ताठलेल्या अंगावरून एकदाच बोट फिरवलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जिवंत देऊ नका म्हणलो होतो, अब्बा," तो म्हणाला. "डॉक्टर व्हायचं न्हाई, तेबी म्हणलो होतो."

मग त्यानं खोलीतली बॅग उचलली आणि तो बाहेर पडला. कमरुन्निसा हाका मारत फाटकापर्यंत धावली. हनीफनं चिमटा खाली ठेवला नाही.