हलू नका, मी येतोच

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये संदेष्ट्याचं भाकीत वाचायचं आणि त्यावर चार शब्द बोलायचे, हा मान दरवर्षी फ्रेमवाल्याचा. आवाज खणखणीत, म्हणून मंडळी त्याला थट्टेनं ‘संदेष्टे’ म्हणत. स्वारी वरवर हात झटकायची आणि मनातून फुलून जायची.

यंदा आदल्याच दिवशी वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. सकाळी त्यांना दवाखान्यात सोडताना तो म्हणाला, “दुपारी सोडतील, बाबा. हलू नका, मी येतोच.” आणि दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं फोनचा आवाज बंद केला, दार लोटलं आणि विकायला ठेवलेल्या मोठ्या आरशासमोर तालीम सुरू केली.

“पिढ्यान्‌पिढ्या लोक वाट पाहत होते. वाट पाहणं सोपं नसतं, बंधुभगिनींनो!”

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की कधी हात उंचावून, कधी डोळे मिटून त्यानं ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. उपदेश करायला कुणाच्या बापाचं काय जातं म्हणतात. इथं बापाचंच जात होतं. आरशात अंधारून आलं तेव्हा तो दिवा लावायला वळला आणि त्याला एकदम आठवलं. बाबा!

धापा टाकत तो दवाखान्यात पोचला. लादी पुसून झाली होती, खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या. उरलेल्या एका खुर्चीवर बाबा बसले होते, डोळ्यावर पट्टी, मांडीवर टोपी. शेजारी सिस्टर पर्स खांद्याला लावून उभी होती. दारातच त्याला ऐकू आलं.

“आजोबा, मी सोडते ना घरी.”

“नको गं बाई. हलू नका म्हणालाय. माझा मुलगा शब्दाचा पक्का आहे. येतो म्हणाला म्हणजे आलाच समज.”

सिस्टरनं त्याच्याकडे असं पाहिलं, की धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. बाबांनी पावलं ओळखली. “आलास? गिऱ्हाईक सोडून निघता येईना, हो ना?”

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, “हो, बाबा. फार गर्दी होती.”

त्या ‘हो’नं रात्रभर त्याला झोपू दिलं नाही.

सकाळी बाबा पहिल्याच बाकावर बसले. आपण हळू बोलतो असं त्यांना वाटतं, ऐकतं मात्र सगळं चर्च. शेजारच्याला ते सांगत होते, “काल दुकानात ही गर्दी! तरी आला बघा मला न्यायला.”

भाकीत वाचून झालं. त्यानं आपला कागद उघडला. पहिलंच वाक्य वाट पाहण्याचं. त्यानं पहिल्या बाकाकडे पाहिलं.

“बाबा,” तो म्हणाला. खणखणीत आवाज कुठच्या कुठे गेला होता. “काल दुकानात कुणी नव्हतं. मी आरशासमोर भाषण करत होतो.”

“ठाऊक आहे रे,” बाबा म्हणाले. “तू फोन उचलेनास, म्हणून सिस्टरनं तुझ्या शेजारच्या शिंप्याला लावला. तो म्हणाला, तुझं भाषण भिंतीपलीकडे ऐकू येतंय. त्याला मीच म्हटलं, हाक मारू नकोस, होऊ दे त्याची तालीम. वाच तू. मी ऐकायलाच बसलोय.”

त्यानं कागदाकडे पाहिलं. वाट पाहण्याबद्दल त्यात बरंच काही लिहिलं होतं. बाबांसमोर वाचता येईल असं एकही वाक्य नव्हतं.