चाळिसातले सात

“सर, आम्ही तुमच्या कारखान्यातला माल असतो, तर किती जण भंगारात गेलो असतो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचार. गेल्या वर्षीपर्यंत जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि यंदा स्नेहसंमेलनाच्या नाटकात गाजल्यापासून जिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, ती पोरगी उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली. वर्गात सर म्हणायचं असं ठरलं होतं. घरी ते तिचे बाबा.

बाबा वीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासायचे. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा या वयात परीक्षा देऊन ते गणिताचे मास्तर झाले. तेही वर्षभराच्या करारावर. तो वाढणार की नाही, हे याच महिन्यात कळणार होतं, त्यामुळे घरात सगळे जीव मुठीत धरून होते.

दुसऱ्या कुणी हसून वेळ मारून नेली असती. बाबांना अंदाजपंचे बोलता येत नसे. त्यांनी खडू खाली ठेवला, चष्मा वर सरकवला आणि चाळीस डोक्यांवरून सावकाश नजर फिरवली.

“सात.”

वर्ग खदाखदा हसला. मग एकमेकांकडे बघायला लागला.

“कोण सात?” मागून कुणीतरी ओरडलं.

“ऐका तर, त्याचा अर्थ...” बाबा सांगायला लागले आणि घंटा झाली. पोरं दाराकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या दारात एकोणीस जणांचे पालक. प्रत्येकाला खात्री, आपलंच पोर त्या सातांत! आठवड्याच्या आत बाबांच्या हातात पाकीट पडलं. करार वाढणार नव्हता.

“एकही नाही, असं म्हणायला जीभ झडली असती का?” आई कडाडली.

“मोजून सांगितलं मी. गणितात कच्चे सातच आहेत.”

“आता बसा घरी मोजत!”

“अगं, एवढा माल नापास निघाला की मालाला कुणी शिव्या देत नाही. मशीन थांबवतात. वर्गातलं मशीन म्हणजे मी, तेच सांगणार होतो पोरांना.” बाबा पाकिटाची घडी घालत राहिले. लहान, आणखी लहान. “थांबवलं त्यांनी मशीन. नियमाला धरूनच आहे.”

“बाबा, मी होते सातांत?”

त्यांनी मान वर केली नाही. “पहिलीच.”

लेकीपुरतं एवढंसं खोटंही या माणसाला जमलं नाही. राग कुणाचा, तेही तिला धड कळेना.

“पुरे झालं,” आई म्हणाली. “हिचं नाव दुसऱ्या शाळेत घालू. या शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.”

“मी कुठेही जाणार नाही,” ती म्हणाली. नाटकातला आवाज लावायला गेली, तो लागला नाही. “उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे: प्रश्न माझा होता. आणि सातांतली पहिली मीच. उरलेल्या सहांनी आपापलं बघावं.”