खडीचा पट्टा

एमरीने पाय पुढे केला आणि विद्यापीठातल्या संशोधक नोरीनने त्याच्या घोट्यावर काडेपेटीएवढा सेन्सर पट्ट्याने आवळला. दुसऱ्या घोट्यावर एक, कमरेला एक. क्लॉडेटचे बांधून झाले होते. ती खुर्चीतून नवऱ्याकडे बघत होती.

"नीट आवळ गं पोरी. नाहीतर म्हणेल, पट्टा सैल होता."

"तू हरायची तयारी कर," एमरी म्हणाला.

पैज घराची होती. टेकडीवरचं घर, खाली रस्त्यापर्यंत खडीची उतरती वाट, आणि त्यात अमेरिकेतल्या मेन राज्याचा बर्फाळ हिवाळा. एमरीचा तोल जातो, एक दिवस बर्फात पडून राहील, हा क्लॉडेटचा धोशा. गावातला लिफ्टवाला फ्लॅट तिने पाहूनही ठेवला होता. म्हातारा हट्टाला पेटलेला. विद्यापीठात वयस्कांच्या चालण्याचा अभ्यास चाललाय हे कळल्यावर दोघांचं ठरलं: तोल जातो असं निघालं तर घर विकायचं, नाहीतर विषय बंद. क्लॉडेट आली ती तुलनेसाठी, जोडीतलं धडधाकट माणूस म्हणून.

मागच्या अंगणात एकापुढे एक पट्टे आखले होते: काँक्रीट, गवत, वाळू, खडी.

"एकेकट्याने चालायचं," नोरीन म्हणाली.

"एकटा? अगं, मी दंड धरला नाही तर हा कोसळेल!"

एमरी निघाला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या, वाळूत कपाळावर घाम आला, पण खडीवर पाऊल ठाम पडलं. पलीकडे पोचून तो ऐटीत वळला.

मग क्लॉडेट निघाली. इतकी वर्षं ती त्याच्या शेजारून चालत आली होती. समोरून येताना त्याने तिला कधी नीट पाहिलंच नव्हतं. काँक्रीटवर ठीक होतं. गवतावर ती मंदावली. खडीवर तिचा डावा पाय घासटत आला, अंग एका बाजूला कललं आणि उजवा हात हवेत आधार शोधू लागला. एमरी पुढे झेपावणार, तोच क्लॉडेटच्या मागून हात पसरून चालणाऱ्या नोरीनने मानेनेच त्याला नको म्हटलं.

"कसली मेली खडी!" पोचल्यावर क्लॉडेट धापा टाकत म्हणाली. "आणि हे बूट नवे."

निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा, असा नियम होता. नोरीनने एमरीला आधी आत घेतलं.

"तुमचा तोल उत्तम आहे. वयाच्या मानाने फारच."

"आणि तिचा?"

"ते मी त्यांनाच सांगणार."

"डॉक्टरकडे जा म्हणशील ना?"

नोरीनने संगणकाचा पडदा त्याच्या नजरेआड वळवला. एमरीने टोपी उचलली आणि तो उठला. घर जिंकून बाहेर पडणाऱ्या माणसाचे पाय इतके जड असू नयेत.

बाहेर क्लॉडेट घोट्याचा पट्टा सोडत होती. पट्टा सुटत नव्हता.

"काय निघालं?" तिने मान वर न करता विचारलं.

"जिंकलीस तू," एमरी म्हणाला. "तोल जातो माझा. फ्लॅटवाल्याला फोन कर."

तिने वर पाहिलं.

"थापाड्या," ती हळूच म्हणाली, आणि पर्समधून फोन काढला.