नखावरचा थेंब

सुग्रीवबाबाच्या मांडवात गर्दी एवढी, की मुंगीला आत शिरायचं तर तिलाही नंबर लावावा लागला असता. नेकनूरकडून बस भरभरून येत होती. मधोमध पाटावर बसवली होती तीन वर्षांची स्वप्नाली, शेजारी तिची आई सत्यशीला. पोरगी कागदासारखी पांढरी; चार पावलं चालली तरी धापा टाकणारी, भिंतीची माती खाणारी.

बाबानं पळीतून तीर्थाचा थेंब तिच्या नखावर सोडला. बोट हललं, थेंब जागचा ढळला नाही.

"बघा! देवीनं बसायला नखाची वाटी केली हाय! माती खाती म्हंजे धरणीमायचं दूध पिती. हिला औषध न्हाई लागत. नुसता अंगारा!"

सासू छबुबाई तर नातीपुढं आडवीच पडली.

सत्यशीलाला मात्र हे पटलं नव्हतं. तिनंच गुपचूप निरोप धाडून दवाखान्यातल्या डॉक्टर रोहिणीताईंना बोलावलं होतं. ताई आल्या, पोरीची पापणी उलटून पाहिली आणि आपल्या बाटलीतलं पाणी नखावर टाकलं. थेंब तसाच उभा.

"हे कुठल्या देवीचं तीर्थ? नळाचं पाणी आहे! अंगात लोह कमी पडलं की नख मऊ होतं, मधोमध खचून चमच्यासारखं होतं. चमच्यात पाणी राहणारच. माती खायची ओढही त्यातलीच. हे औषध द्या, अन् रक्त तपासायला बीडला न्या."

मग त्यांनी बाबाच्या नखावर थेंब टाकला. घरंगळला. सगळ्या माना बाबाकडं वळल्या.

बाबानं दोन्ही हात वर केले. "आमी समदी किरपा पोरीला दिली. आमच्याकडं उरंल कशी?"

टाळ्यांचा कडकडाट! चिडलेल्या ताईंनी सत्यशीलाचं बोट धरलं. तिथंही थेंब थांबला.

"बघा, आईच्याही अंगात रक्त..."

पुढचं ऐकतंय कोण? "मायलेकी दोघी देवी!" सत्यशीलाच्या गळ्यात हार पडला.

"आत्याबाई, पोरगी मरंल वो माझी!" सत्यशीलानं सासूचे पाय धरले.

"देवीला कुठं मरान असतंय, बये?" म्हणत छबुबाईनं औषधाच्या बाटलीला हळदकुंकू लावलं आणि ती देवीपुढं मांडली. बूच तेवढं कुणी उघडलं नाही.

बाबांनो, घरातल्या लेकराचं नख आज उजेडात धरून बघा. फिकं, खोलगट दिसलं तर हात जोडू नका; त्याच हातांनी लेकरू उचला आन दवाखाना गाठा. स्वप्नालीभोवती हात काही कमी नव्हते. सगळे जोडलेले होते.