दोन ठिपक्यांची खूण

वादिराजाच्या घरची गाडी वर्षातून दोनदा स्वभाव बदलायची आणि तंजावुरात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. पोंगल होऊन तै महिना लागला की ती अशी शहाण्यासारखी सावकाश चालायची, की शेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्यानंही तिला मागं टाकावं. पुढं आडी, म्हणजे आषाढाचा महिना, लागला की तिच्याच अंगात वारं शिरायचं. गावातली माणसं गमतीनं म्हणत, वादिराजाकडं उत्तरायण-दक्षिणायन गाडीलाही असतं.

ही करामत त्याच्या वडिलांची, सीतारामरावांची. उघड्या टपाची जुनी गाडी त्यांनी हौसेनं घेतली, पण मुलगे दोन आणि दोघांच्या तऱ्हा दोन. थोरला वादिराज कचेरीत कारकून. त्याचा जीव जानवासमात, म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी निघणाऱ्या नवरदेवाच्या मिरवणुकीत. पुढं नादस्वरमची सनई आणि तविलाचा ढोल, मागं फुलांनी मढवलेली गाडी, आणि ती वाजवणाऱ्यांच्या पावलानं चालली पाहिजे. आपल्या माणसांतलं कुठलंही लग्न असो, गाडी वादिराजाची आणि चाकावर वादिराज. धाकटा गुरुमूर्ती पापनाशमच्या शाळेत ड्रिल मास्तर. त्याला सकाळच्या पॅसेंजरशी शर्यत लावून शाळा गाठायची हौस.

आता एकाच इंजिनाकडून दोन्ही व्हावं कसं? सीतारामराव पानावर बसल्या बसल्या मुलांना समजावत, अरे, इंजिनाच्या झडपा म्हणजे लग्नाच्या पंगतीचं दार. माणसं तुरळक येत असली तर आत आलेली चार परत फिरायच्या आधी दार लवकर लावून घ्यावं. रेटा मोठा असला तर दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवावं, मागची माणसं पुढच्यांना आत ढकलतात. हवेचंही तसंच. हळू चालायचं तर झडप लवकर मिटू दे, पळायचं तर उशिरा. त्या झडपा उघडमीट करणाऱ्या दांड्याच्या दातेरी चाकाला त्यांनी बोल्टासाठी शेजारी शेजारी दोन भोकं पाडून घेतली होती. एकापाशी एक ठिपका कोरला, दुसऱ्यापाशी दोन. एका ठिपक्यावर गाडी वादिराजाची, दोन ठिपक्यांवर गुरुमूर्तीची. सहा महिने याचे, सहा महिने त्याचे.

हे काम एकट्याचं नव्हे. बोल्ट काढला की झडपांच्या स्प्रिंगा चाकाला हिसडा देतात. एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं इंजिनाचं पुढचं हँडल केसभर फिरवायचं. वडील गेले तरी दोघे भाऊ दर अयनाला बनियनवर अंगणात बसत. रेडिएटर उतरवताना थोरल्यानं धाकट्याला शिव्या घालायच्या, धाकट्यानं हसायचं. काम झालं की वादिराजाची बायको शेषम्मा दोघांना कॉफी देई आणि चाकाला कुंकू लावी. काय दिवस होते ते! त्या काळ्या हातांनी प्यालेल्या कॉफीची चव पुढं वादिराजाला कुठंच सापडली नाही.

सापडणार कशी, अठ्ठावन्न साली त्यानंच सगळं नासलं. कचेरीतल्या वरच्या साहेबाच्या मुलाचं लग्न, आणि तेही आवणीत, म्हणजे धाकट्याच्या महिन्यांत. वादिराजानं भावाला न विचारता गाडीचा शब्द देऊन टाकला. दोन ठिपक्यांवरची ती गाडी. पावलापावलानं चालायला सांगितल्यावर ती चालते होय? भर मेल वीदीत, गावाच्या हमरस्त्यावर, तिनं आचके दिले, बंद पडली, पुन्हा उसळली आणि नवरदेवाचा फेटा तविलवाल्याच्या डोक्यावर जाऊन पडला. गाव हसलं. साहेब मात्र हसला नाही. चूक वादिराजाची होती आणि त्याला ती ठाऊक होती, म्हणूनच तो जास्त चिडला. चार लोकांत तो गुरुमूर्तीला म्हणाला, तू मुद्दाम बिघडवून ठेवलीस.  त्याच आठवड्यात गुरुमूर्तीनं पापनाशमला बिऱ्हाड केलं.

गाडी शेडमध्ये गेली. वादिराज दर शुक्रवारी तिला पुसायचा, चाकांत हवा भरायचा; पण हँडल मारून सुरू काही करायचा नाही. तिच्या पोटात दोन ठिपके आहेत, धाकट्यानं जाताना ठेवलेत, राहू देत तसेच, असा त्याचा हट्ट. मिरवणुकांना लोक नव्या गाड्या आणू लागले.

अशी सहा वर्षं गेली आणि चौसष्टच्या वैशाखात त्याच्या लेकीचं, सरोजाचं लग्न ठरलं. सरोजानं एकच मागणं मागितलं: नवरदेव आजोबांच्या गाडीतून यायला हवा. वादिराज कामाला लागला. बॅटरी आणली, तेल बदललं, पेट्रोलची टाकी धुतली. पत्रिकाही वाटल्या. घरोघरी अक्षता घेऊन नवराबायको स्वतः गेली. फक्त सख्ख्या भावाला वादिराजानं पत्रिका पोस्टानं पाठवली. सख्ख्या काकाला पोस्टानं बोलावणं! शेषम्मा दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. पापनाशमहून अर्थातच कुणी आलं नाही.

मिरवणूक उद्यावर आली. पाहुण्यांना मांडवात सोडून, दुपारची जेवणं उरकल्यावर वादिराजानं इंजिन खोललं. दोन ठिपक्यांवरचा बोल्ट एकावर आणायचा होता आणि चाक धरायला माणूस नव्हतं. त्यानं शेषम्मालाच हाक मारली. लग्नघरातली यजमानीण ती, लुगडं खोचून निमूट आली. झाकण निघालं. वादिराजानं फडक्यानं चाक पुसलं आणि पाहतच राहिला. बोल्ट एका ठिपक्यावर होता.

चष्मा पुसून त्यानं पुन्हा पाहिलं. एकच ठिपका. गाडी सहा वर्षं मिरवणुकीच्या खुणेवर उभी होती. तेवढ्यात शेषम्मानं त्यानं न सांगताच चाकाला हात घातला होता, अंगठा वरच्या दात्यावर, बोटं खाली, अगदी जसं धरावं लागतं तसं.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"भाऊजींनी," शेषम्मा म्हणाली. "जायच्या दिवशी तुम्ही कचेरीला गेलात आणि त्यांनी गाडी खोलली. चाक मी धरलं. म्हणाले, महिने माझे असले म्हणून काय झालं, लग्नं अण्णाची. त्याला सांगू नका वहिनी, पहिलं हँडल मारेल तेव्हा आपोआप कळेल."

"आणि तू सहा वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्ही हँडल मारलंच नाहीत."

वादिराज मडगार्डवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. पाहुणे मांडवात होते, त्याला त्याची शुद्ध नव्हती. शेषम्मानं चाक सोडलं नाही. मग त्यानं डोळे पुसले, पाना उचलला आणि म्हणाला, घट्ट धर. हँडल केसभर फिरवून त्यानं बोल्ट दुसऱ्या भोकात घातला. दोन ठिपक्यांवर. शेषम्मा घाबरून म्हणाली, अहो, उद्याची मिरवणूक! त्यावर तो म्हणाला, तुझी अक्षतांची वाटी आण.

ऊन उतरता उतरता गाडी शेडबाहेर पडली आणि गावाची वेस ओलांडली तशी सुटलीच. वादिराजानं जन्मात तिला असं पळवलं नव्हतं. दोन्हीकडची भाताची खाचरं मागं पडत होती, डाव्या हाताला पॅसेंजर धुरासकट धावत होती आणि हा पन्नाशीला टेकलेला कारकून तिला मागं टाकत होता. धाकट्याला यात काय गोडी वाटायची, हे त्याला आता कळत होतं, आणि इतक्या उशिरा कळतंय म्हणून वाईटही वाटत होतं.

पापनाशमला गुरुमूर्ती ओट्यावर दाढी करत बसला होता. गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज आला तसा तो अर्ध्या गालाला साबण घेऊनच उठला. गाडी दारात थांबली. तो आधी गाडीकडं बघत राहिला, भावाकडं नंतर.

"दोन ठिपक्यांवर आहे," तो म्हणाला.

"हो."

"मिरवणूक उद्या ना, अण्णा?"

"उद्या. एकट्याच्यानं चाक बसत नाही," वादिराज म्हणाला आणि काळ्या तेलकट हातांनी त्यानं अक्षतांची वाटी पुढं केली.

गुरुमूर्तीनं ओंजळ केली. अक्षता त्यानं घेतल्या. साबणावरून पाणी ओघळत होतं. मग आत जाऊन तो तोंड धुऊन, सदरा घालून, वडिलांचा जुना पाना घेऊन बाहेर आला आणि अण्णाशेजारी बसायला डावीकडच्या दाराशी गेला. वादिराज स्टिअरिंगमागून उठून बाजूच्या जागेवर सरकला.

"त्या बाजूनं ये, तू चालव," तो म्हणाला. "सहा वर्षांचे तुझे महिने माझ्याकडं राहिलेत."