गप्प केलेला गजर

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्चीखाली जो काळा पत्र्याचा डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना डेटाबेस सर्व्हर आहे. एका रुग्णालयाची सगळी माहिती एके काळी माझ्या पोटात होती. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, हे डॉक्टर विचारत आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मी सांगत असे.

माझी देखभाल करणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. माणूस तिरसट, पण माझ्यावर भारी जीव. माझ्यात दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर तेच लिहिलेलं असे, म्हणजे एक गेली तरी दुसरी निभावून नेई. एखादी बिघडली की मी गजर करी आणि मामा हातातला चहा ठेवून धावत. शिवाय माझ्या माहितीची रोज एक प्रत निघे. दर शनिवारी मामा ती शेजारच्या रिकाम्या यंत्रावर उघडून बघत.

"प्रत निघाली म्हणजे झालं का? उघडायला नको?" असं ते म्हणत. लोक हसत. पुढे मामा निवृत्त झाले आणि मी पोरका झालो.

नवे साहेब हुशार होते आणि मनाने चांगले होते. आल्या आल्या त्यांनी आपल्या आईची माहिती स्वतः माझ्यात भरली. एका इंजेक्शनामुळे ती माउली पूर्वी मरता मरता वाचली होती. त्यांनी लगेच तिला फोन केला, "आई, ते नाव पाठ करत बसू नकोस आता. इथे आहे सगळं."

शेजारचं यंत्र स्वागतकक्षाला हवं होतं. साहेबांनी ते देऊन टाकलं आणि प्रत उघडून बघणं थांबलं. पुढे प्रत साठवायची जागा भरली. ती अर्धवट निघू लागली, पण पडद्यावर 'प्रत निघाली' अशी हिरवी खूण येतच राहिली. मग माझी एक डिस्क गेली. मी गजर केला, तशा बाजूच्या खोलीतल्या नर्सबाई आल्या.

"साहेब, ते पिंपिं बंद करा हो. डोकं उठलंय नुसतं."

"करतो. उद्या नवीन डिस्क मागवतो," म्हणत साहेबांनी बटण दाबलं. तो उद्या काही उजाडला नाही.

एका सकाळी दुसरी डिस्कही गेली आणि मी मुका झालो. साहेबांनी प्रत उघडली, तर ती अर्धीच. ते घामाघूम होऊन खटपट करत होते, तेवढ्यात त्यांच्या आईलाच बेशुद्ध अवस्थेत आणलं.

"आईंना कोणतं इंजेक्शन चालत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी टाकलंय ना यात. नाव... थांबा, आठवतो."

डॉक्टरांना थांबता येत नव्हतं. त्यांनी नेहमीचं इंजेक्शन दिलं. नेमकं तेच नको होतं. ती माउली गेली.

संध्याकाळी साहेब माझ्यासमोर जमिनीवर बसून होते. नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, उठा. घरी सगळे वाट बघतायत."

"हा सांगत होता हो," साहेब म्हणाले. "मीच गप्प केला याला."

मित्रांनो, मला पुन्हा कामावर घ्या असं मी म्हणत नाही. ते नाव आता मलाही आठवत नाही. फक्त एवढं करा. एखादं यंत्र कुरकुरू लागलं, तर त्याला गप्प करण्याआधी काय दुखतंय ते बघा. जपून ठेवलेलं अधूनमधून उघडून पाहा. माझं ते बटण अजून दाबलेलंच आहे.