विमलाबाईंची ओळ

त्या महिन्यात सौमित्रला स्वतःचेच केस उपटावेसे वाटत होते. आईच्या, म्हणजे विमलाबाईंच्या, कवितेला त्यानं चाल लावली होती, तीही साधीसुधी नव्हे, वीस बायकांच्या समूहगानाची. आणि बायका कुठल्या, तर मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळाच्या. गळे खणखणीत, माईक नसला तरी चालेल असे. पण भजनात कसं, एकीनं ओळ म्हटली की बाकीच्यांनी ती उचलायची. ही सवय त्यांच्या हाडीमांशी खिळलेली. इकडे विमलाबाईंची अट एकच होती: कविता खुशाल गा, पण शेवटची ओळ मी म्हणणार आणि एकटी म्हणणार. पंचाहत्तरी उलटल्यावर आईनं त्याच्याकडं काही मागितलं ते हे पहिलंच. म्हणून तो हट्टाला पेटला होता.

तालमीत विमलाबाईंनी ‘दार माझे, दिवा माझा’ एवढी अर्धी ओळ म्हणायचा अवकाश, अख्खं मंडळ मागून धावून यायचं, टाळांसकट. टाळ घरी ठेवायला लावले तर टाळ्या सुरू झाल्या. सौमित्रनं समजावलं, हात जोडले, ओरडला, एकदा तर पेटी बंद करून चपला घालून निघालासुद्धा.

मंडळाच्या म्होरक्या अक्काताई, गडहिंग्लजच्या. त्यांनाच हे पटत नव्हतं.

“म्हातारं माणूस एकटं गातंय आन् आम्ही तोंड बघत उभं ऱ्हायचं व्हय? आमच्यात असलं न्हाय, सर.”

“तुमच्यात नसू दे,” सौमित्र वैतागून म्हणाला. “मी हात केला तरी तोंड उघडायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं आणि गाणंही असं रंगलं की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. शेवटी विमलाबाई पुढं आल्या. ‘दार माझे, दिवा माझा’ म्हणाल्या आणि थांबल्या. पेटीचा सूर नुसता चालू राहिला. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. सौमित्रला वाटलं, आई पुढचं विसरली. त्यानं मंडळाकडं हात केला, पण एकीचाही ओठ हलला नाही. डोळे वटारले, तर अक्काताईंनी ठाम मान हलवली. महिनाभर घसा कोरडा करून शिकवलेलं नेमकं आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. अखेर राहवेना म्हणून त्यानंच आवाज लावला, ‘आज बोलते एकटी’, आणि गाणं समेवर आणून सोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडल्यावर विमलाबाई खुर्चीत बसून राहिल्या. तो पाणी घेऊन गेला, तर त्याच्याकडं बघायलाही तयार नव्हत्या. विसरलीस तर एवढं काय झालं, असं म्हणून त्यानं समजूत काढायला घेतली.

“विसरले नव्हते. दम घेत होते.”

“आम्ही गप बसलो की, सर,” अक्काताई मागून म्हणाल्या. त्याही चिडल्या होत्या.

“लग्न झाल्यापासून तुझ्या बाबांनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही,” विमलाबाई म्हणाल्या. “मी सुरुवात केली की पुढचं ते बोलायचे. ते गेल्यावर ही कविता लिहिली, आणि तू…”

“आई, मला वाटलं की तुला…”

“थांब. माझं अजून संपलेलं नाही.”